सातव्या होडीचा चौकोन

ऐकून हसायचं असेल तर खुशाल हसा. पण हे घडलेलं आहे. भिगवणला, १९९८ च्या कार्तिकात. आणि जिच्या बाबतीत घडलं ती करुणा भुतंखेतं मानणाऱ्यांतली नव्हे.

ती तेव्हा मच्छीमार सोसायटीत कारकून होती. धरणाच्या पाण्यावर सोसायटीच्या बावीस होड्या. संध्याकाळी परतलेला माणूस ऑफिसात येऊन सांगे, मगच करुणा फळ्यावर त्याच्या नावापुढं खूण करी. खूण राहिली की लगेच दुसरी होडी शोधायला जाई.

मग कॉम्प्युटर आला. बारामतीला कोर्स केलेल्या करुणानं एक्सेलमध्ये बावीस नावं मांडली, प्रत्येकापुढं टिक करायला एक चौकोन. बावीस वेळा माऊस कोण दाबत बसणार? तिनं मॅक्रो लिहिला. एक बटण दाबलं की सगळ्या चौकोनांत टिक, आणि कागद छापून बाहेर. हुशारी नडते ती अशी.

त्या दिवशी बारामतीची एसटी चुकेल म्हणून तिनं एक होडी यायची असतानाच बटण दाबलं. येईलच की आता.

सातवी होडी... बाजीरावांची.

दिवेलागणीला त्यांची बायको रंगूबाई विचारायला आली. वॉचमन आप्पानं करुणानं भिंतीवर लावलेला छापील कागद बघितला.

"आल्यात की समद्या. बसलं असतील कुठंतरी. जावा घरी."

कुणीच शोधायला गेलं नाही.

सकाळी उपडी होडी सापडली. बाजीराव सापडलेच नाहीत.

आपण आधीच बटण दाबल्याचं करुणानं लपवलं. संध्याकाळी तिनं बटण दाबलं...

एकवीस चौकोनांत टिक. सातवा चौकोन रिकामा.

मॅक्रो ओळ न ओळ तपासला. चूक नव्हती. नाव काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते जागच्या जागी. हातानं टिक केली... तिच्या डोळ्यांदेखत पुसली गेली.

महिन्याभरानं तिला राहवेना. ती रंगूबाईकडं गेली.

"मावशी, मी न बघताच बटण दाबलं होतं."

"ठावं हाय मला. त्यांनीच सांगितलं."

"कधी?"

"रोज सांजंला उंबऱ्याभाईर हुबं ऱ्हात्यात. आत या म्हनलं तर येत न्हाईत. म्हनत्यात, आधी ऑफिसात खूण करून येतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करुणानं फाइल उघडली. होड्या अजून पाण्यावरच होत्या. बटण तिनं दाबलं नव्हतं. एकवीस चौकोन रिकामे होते.

सातव्यात टिक होती...

पाठीमागं, दारात, पाणी ठिबकत होतं.

करुणानं वळून बघितलं नाही. आता ती इंदापूरला असते. दाराकडं पाठ करून ती अजूनही बसत नाही.