ठरलेल्या दोन रिंगा

रोह्यातून अष्टमीच्या पुलाकडे निघालात की डाव्या हाताला 'अपेक्षा मोबाईल' लागतं. दुकान आठ बाय दहाचं, पण मालक गुणाजी बोलायला लागला की त्यात जग मावायचं. माणूस सातवी शिकलेला, पनवेलच्या पलीकडे फारसा न गेलेला. तरी दुबईला कुठलं सिमकार्ड धरतं आणि मस्कतला कुठलं दगा देतं, हे तो असं सांगायचा की गिऱ्हाइकाला वाटावं, स्वारी कालच्याच विमानानं उतरलीय. "आपलं इथलं कार्ड तिथं चालवशील तर बिल बघून ताप भरेल," तो म्हणायचा. "प्रीपेड घेऊन जा. उतरलास, घातलंस, लागलास बोलायला!" वरसे, धाटाव, पार पेणपर्यंतची पोरं त्याच्याकडून कार्डं घेऊन आखातात गेली होती. एकाचीही तक्रार नव्हती.

एकाचा अपवाद सोडून. आणि तो तक्रार करायला परत आला नव्हता.

त्या सोमवारी सकाळी गुणाजी एका फोनवर काच चिकटवत बसला होता. वीस वर्षांचा हात. काच अशी बसायची की माशी घसरावी. इतक्यात पायरीवर एक म्हातारी येऊन उभी राहिली. फुलाफुलांचा झगा, डोक्यावर पांढरी टोपी, पायांत जाड सँडल. वय सत्तरीच्या पुढचं.

"गुणाजी तूच काय रे?"

"मीच. बोला, काय देऊ?"

"मी सिपोरा. अष्टमीच्या बेंजामिनची भैन."

काचेखाली हा एवढा बुडबुडा राहिला. गुणाजीनं अंगठ्यानं दाबून पाहिला. तो सरकला, पण गेला नाही.

सिपोरा खुर्चीवर टेकली. पन्नास वर्षांपूर्वी ती इथल्या इतर ज्यू कुटुंबांबरोबर इस्रायलला गेली, पण जाताना नेलेलं मराठी तिनं ट्रंकेत घातलेल्या लुगड्यासारखं घडी न मोडता ठेवलं होतं. "याच खुर्चीवर बसायचा ना तो? फोनवर सांगायचा मला. गुणाजी हाय म्हणून मला एकटं वाटत नाय, बोलायचा."

"चहा सांगू, ताई?"

"नको. मला कार्ड दे एक. म्हैनाभर ऱ्हायचंय. घराचं काय ते बघते, आन् उद्या त्याच्या नावानं मलिदा करते, वर्साची प्रार्थना. तुला यायलाच लागंल."

परदेशी पाहुण्याला कार्ड द्यायचं म्हणजे कागद फार. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, आणि इथल्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर. त्या माणसानं हमी द्यायची की होय, यांना मी ओळखतो.

"कुणाचा घालू नंबर?" गुणाजीनं विचारलं.

"तुझाच घाल की. तुझ्याइतकं ओळखीचं आता कोण उरलंय मला?"

गुणाजीनं खाली मान घालून स्वतःचा नंबर भरला. एक आकडा चुकला, पुन्हा भरला.

तेवढ्यात शेजारचा दाजी टेलर गळ्यातली टेप सावरत आत घुसला. पाहुण्याबाईकडे त्याचं लक्षही नव्हतं. "गुणाजी, बघ रे जरा. सकाळपासून नेटवर्क नाय. माझ्या पण फोनचा बेंजामिन झाला!"

सिपोरानं मान वळवली. "काय झाला?"

"बेंजामिन, बेंजामिन!" दाजीला ऐकणारं माणूस मिळालं. "आमच्या बाजारात म्हणत्यात तसं. एक म्हातारा होता, मावशी. विमानात बसून परदेशी गेला, आन् कार्डच उलटं घातलं फोनात! बसला रात्रभर हलवीत. तवापासून कुणाचा फोन लागला नाय की म्हणायचं, बेंजामिन झाला. या गुणाजीनंच तर सांगितलं…"

"दाजी," गुणाजी म्हणाला, "या त्याच्या बहीण."

दाजीची टेप गळ्यातून घसरून खाली पडली. ती न उचलताच तो गेला.

मग सिपोरानं पिशवीतून रुमालात बांधलेला फोन काढला. काळा, कडा झिजलेला. "असंल बाबा तसंच. पण छत्तीस वर्सं एसटी डेपोत इंजिनं जोडत व्हता रे तो. येवढंसं कार्ड उलटं घातलं असंल?" तिनं फोन पुढे केला. "माझं नवं कार्ड यातच घाल. त्याच्यानंतर मी हा उघडलेला नाय."

गुणाजीनं पिन टोचली. कार्डाचा ट्रे बाहेर आला.

कार्ड सुलटं होतं. कोपरा कोपऱ्याला लागलेला, एका केसाचाही फरक नाही. डेपोतल्या माणसानं बसवलेलं.

"बरोबर हाय ना रे बसवलेलं?"

आता खरं सांगायला एक शब्द पुरला असता. गुणाजी म्हणाला, "आता काय सांगता यायचं, ताई. वर्ष झालं."

त्या वर्षामागची गोष्ट अशी. बेंजामिनकाका एकटा राहायचा. आयुष्यात पहिल्यांदा बहिणीकडे निघाला, तेव्हा कार्ड गुणाजीनंच दिलं. अठ्ठावीस दिवसांचं. आज चालू केलं तर आजपासून दिवस जळायला लागणार. गुणाजीतला व्यापारी म्हणाला, "काका, फुकट दिवस कशाला घालवता? विमानात बसताना तुमच्या इथल्या नंबरवरून मला मिस्ड कॉल द्या. एक रिंग. मी इथून चालू करतो. तुम्ही उतराल तोवर कार्ड तयार. आणि बहीण भेटली की दोन रिंगा द्या, म्हणजे मी सुटलो."

"एक म्हंजे चालू कर. दोन म्हंजे पोचलो," काकानं बोटांवर घोकलं. कार्डाचा नवा नंबर गुणाजीनं स्वतःच्या फोनात भरून ठेवला: 'काका परदेश'.

मंगळवार होता. गुणाजी पेणला भाचीच्या, भूमिकाच्या साखरपुड्याला गेला होता. पंगत बसलेली, आणि गुणाजी मस्कतच्या एका गिऱ्हाइकाचा किस्सा रंगवत होता. एक वाजून दहा मिनिटांनी खिशातला फोन एकदा वाजला. त्यानं पाहिलं. बेंजामिनकाका. 'करतो,' असं मनात म्हणून त्यानं फोन परत ठेवला, कारण किस्सा ऐन हशाच्या जागी आला होता.

मग जिलबी आली, मग पान आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास परदेशातून फोन आला. कार्डाच्या पाकिटावर दुकानाचा शिक्का होता, त्यावरून सिपोरानं नंबर काढला होता. भाऊ रात्रभर विमानतळावर बसून होता. तो वरच्या मजल्यावर, ती खालच्या. उतरल्यावर फोन करायचा ठरलेला, म्हणून दोघंही फोनकडे बघत राहिली. त्याचं नाव पुकारलं गेलं, पण त्याला एका कानानं ऐकू यायचं नाही. पहाटे सफाईवाल्यानं हलवलं, तेव्हा तो थंड पडला होता. फोन हातात.

"कार्ड चालू होतं ना रे?" ती रडत विचारत होती.

"चालू होतं, ताई," गुणाजी म्हणाला. "कालच केलं. काकांनी उलटंबिलटं घातलं असेल."

फोन ठेवला, शटर अर्धं ओढलं आणि ते कार्ड त्यानं तेव्हा चालू केलं. मेलेल्या माणसाचं. कुणी तपासलंच तर कागद बरोबर दिसावा म्हणून. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि त्याच क्षणी हातातला फोन वाजला.

एक रिंग. 'काका परदेश'. बंद.

कुठेतरी तो फोन चालूच राहिला असेल, नेटवर्क धरलं असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पण पुढच्या मंगळवारी, एक दहाला, पुन्हा एक रिंग. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. अठ्ठावीस दिवस उलटले, कार्ड मेलं, कंपनीच्या यादीत 'बंद' असं आलं. रिंग आली. त्यानं नंबर अडवून पाहिला, फोन बदलला. मंगळवारी दुपारी तो दुकानातलं सगळं बंद करून नुसता बसायचा, तरी ती एक रिंग यायची. 'चालू कर.' काय चालू करायचं राहिलं होतं?

आणि बाजारात त्याचं ते उलट्या कार्डाचं वाक्य पसरत गेलं. हसून हसून लोकांनी त्याचा शब्द केला. गुणाजीनं तो थांबवला नाही. लोक हसतात तोवर कुणी विचारत नाही, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं.

मंगळवारी बारा वाजता तो पूल ओलांडून अष्टमीला गेला. बेंजामिनकाकाचं घर वर्षभर बंद होतं. आत ओल, जुनं ग्रीस आणि नुकत्याच खवलेल्या नारळाचा वास एकमेकांत मिसळलेला. बाहेर रखरखीत ऊन, पण खिडक्या गंजून बसल्या होत्या, त्यामुळे खोलीत संध्याकाळ होती. मधोमध ताटात मलिदा रचला होता. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, भोवती केळी आणि चिकू, वर सब्जाची डहाळी. बाजूला वेगळ्या थाळीत काकाच्या वस्तूंची मांडणी: टोपी, चष्मा आणि काल फोनातून काढलेलं ते छोटं कार्ड.

पेणहून सायमनकाका आले होते प्रार्थना म्हणायला. "पूर्वी या खोलीत बसायला जागा नसायची," ते गुणाजीला म्हणाले. "आता मोजून तिघं. त्यातला एक तू. बस."

प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावानं सायमनकाकांचा कापरा सूर चढत गेला. सब्जाची डहाळी हातोहात फिरली, प्रत्येकानं हुंगायची. गुणाजीच्या नाकाशी आली तेव्हा तिला सब्जाचा वास नव्हता. विमानतळावर कसला वास असतो, हे त्याला माहीत नव्हतं. पण थंड फरशीवर फिनेल मारल्यासारखा काहीतरी होता.

प्रार्थना संपली. सिपोरानं त्याच्या हातावर मलिदा ठेवला. "तुला एक सांगते, गुणाजी. वर्सभर मी त्याला मनात शिव्या घातल्या. येडझव्या, येवढंसं कार्ड नीट घालता आलं नाय तुला? मी खाली उभी व्हती रे… चाळीस पायऱ्या. आज त्याची माफी मागाया आले मी."

मलिदा गुणाजीच्या तळहातावर तसाच राहिला.

"ताई…" तो म्हणाला. "काकांचं नव्हतं चुकलं. मीच… त्या दिवशी कार्ड चालू करायला थोडा उशीर केला."

"थोडा म्हंजे?"

"थोडा… पंगतीत होतो. तासभर."

खिशातला फोन वाजला.

एक रिंग.

त्यानं बाहेर काढला. एक वाजून दहा मिनिटं. 'काका परदेश'. सिपोरानंही वाकून पाहिलं, आणि मग तिनं थाळीकडे पाहिलं. टोपीशेजारी कार्ड होतं. कुठल्याच फोनात नसलेलं. नखाएवढं.

"कुणाचा रे?" तिनं अगदी हळू विचारलं.

गुणाजीनं फोन थाळीशेजारी ठेवला. मग तो बोलला. जन्मभर रंगवून सांगणारा माणूस, पहिल्यांदा त्यानं काही रंगवलं नाही. तासभर नाही, कार्ड दुसऱ्या दिवशी चालू केलं. तुमचा फोन आल्यानंतर. 'चालू होतं' हे खोटं. 'उलटं घातलं' हेही खोटं. बाजारातला तो शब्द माझ्या तोंडून निघालेला. काल ट्रे उघडला तेव्हा कार्ड सुलटं होतं, हे मी पाहिलं आणि तरी गिळलं. "काका रात्रभर जे हलवत बसले ना, ताई… ते मी बंद ठेवलेलं होतं."

सायमनकाकांनी डोळे मिटून घेतले. सिपोरानं त्याच्या तळहातावरचा मलिदा एकेक कण वेचून परत घेतला, ताटात ठेवला आणि भावाची टोपी उचलून छातीशी धरली. गुणाजी रिकामा हात तसाच पुढे धरून राहिला. कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं, असं त्याला झालं.

तेव्हा फोन पुन्हा वाजला.

एक.

गुणाजीनं श्वास धरला. वर्षभर इथंच तुटायचं.

दोन.

त्यानं दोन बोटं वर धरली. "पोचले, ताई… दोन म्हणजे पोचले. आमचं ठरलं होतं… बहीण भेटली की दोन…"

सिपोराचा हात त्याच्या खांद्याकडे येत होता. तो मध्येच थांबला.

तीन.

फोन गप्प झाला. खोलीत फिनेलचा वास दाटला होता. गुणाजी थाळीतल्या त्या नखाएवढ्या कार्डाकडे बघत राहिला, आणि मनातल्या मनात पुन्हा पुन्हा बोटं मोजत राहिला. एकाचं ठरलं होतं. दोनाचं ठरलं होतं. तीन रिंगांचं त्यांचं काहीच ठरलं नव्हतं.