रुखवतातली मोरपेटी

"गेली! मोरपेटी गेली!" शंभू कपाटासमोर उभा राहून ओरडला, आणि सायलीच्या हातातलं केळं खाली पडलं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता. केंदूरहून दौंडला लग्नाला निघायचं होतं. अर्धी मंडळी टेम्पोत चढलीसुद्धा होती. निघण्याआधी कपाटाला एक नमस्कार करावा म्हणून ही तिघं माजघरात डोकावली, तर हे असं! तिघं म्हणजे सणसवाडीहून सुट्टीला आलेली सायली, हट्ट करून तिच्याबरोबर आलेली तिची शेजारीण अपेक्षा आणि सायलीचा मामेभाऊ शंभू. याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं.

काचेचं ते कपाट हौशीराममामांचं. मामा शेतात ऊस आणि कांदा करत, पण जीव सगळा या कपाटात. जत्रा-जत्रांतून फिरणाऱ्या म्हाताऱ्या जादूगारांकडून त्यांनी जादूच्या लाकडी वस्तू जमवल्या होत्या. अंडं गिळून टाकणारा शिसवी पेला होता, दोरीतून आरपार निघणारा ठोकळा होता, आणि झाकण इतकं नेमकं बसणारा डबा होता की लावताना आतली हवा फुस्स करून बाहेर पडे. कुठं खिळा नाही, कुठं सांधा दिसत नाही. त्या पेल्यासाठी मामांनी बाजरीची पोती देऊन टाकली होती, तेव्हा मामी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

सगळ्यांत लाडकी मोरपेटी. सागवानाची, वीतभर लांब, पुढच्या बाजूला मोर कोरलेला आणि त्याखाली एक खण. खणात रुमाल ठेवावा, खण लावावा, पुन्हा ओढावा, तर रुमाल नाही! परत लावून ओढावा, तर रुमाल हजर.

ही करामत मामांनी एकट्या सायलीला शिकवली होती, तीही कपाळाला खंडोबाचा भंडारा लावून. "करामत दाखवायची, सांगायची न्हाई," ते म्हणाले होते. "सांगितली की पेटी मेली. मग ती निस्ता मसाल्याचा डबा." शंभूला का शिकवली नाही, ते सांगायला नकोच.

"आप्पांना कळलं तर जेवायचे न्हाईत ते," शंभू म्हणाला. आप्पा म्हणजे मामाच. ते पहाटेच कुरकुंभला गेले होते. तिथं कुणाकडे तरी जुना जादूचा पेला असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि तिकडून ते थेट लग्नाला येणार होते.

टेम्पोत अपेक्षानं विचारलं, "मामी, काल रात्री कपाट कुणी उघडलं होतं?"

पुतळामामी लगेच बाहेरची उसाची शेतं बघायला लागल्या. जन्मभर तीच शेतं बघितलेली बाई! अपेक्षानं सायलीला कोपरानं ढोसलं. मांडीवरची पिशवीही मामींनी अशी धरली होती की जणू आत दुधाचं पातेलं आहे.

लग्न मामींच्या भावाच्या मुलीचं, धनश्रीचं. कार्यालयात पोचताच मामी पिशवीसकट नवरीच्या खोलीत गेल्या. ओसरीवर सिंधूबाई बांगड्यांचे तोडे मांडून बसल्या होत्या. आसपासच्या गावांतल्या कितीतरी नवरीमुलींना त्यांनीच चुडा भरला होता. सायलीचा हात त्यांनी असा दाबून दाबून मऊ केला की बांगडी कधी चढली ते कळलंच नाही.

"अगं, किती कडक मनगट! क्रिकेट खेळतीस व्हय?" असं म्हणत त्यांनी एक हिरवी बांगडी जास्तीची भरली. "ही माझ्याकडून." मग नवरीचा चुडा भरायला त्या आत गेल्या.

जेवणाआधी रुखवत बघावं म्हणून तिघं हॉलमध्ये गेली. टेबलावर करंज्यांचा डोंगर होता, मण्यांची बैलगाडी होती, लोकरीचा ससा होता, आणि मधोमध होती मोरपेटी! मोराच्या पायाशी चिठ्ठी चिकटवली होती: 'पुतळाआत्याकडून'.

"आई!" शंभू किंचाळला. मामींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"गप रे! निस्ती मांडायला आणलीय. सगळ्यांच्या आत्यांनी काय काय केलं, माझ्या हाताला तर कांद्यातून सवड न्हाई. उद्या कपाटात जाईल परत. त्यांना कशाला कळतंय?"

एवढ्यात आतून धनश्री धावत आली. केस अर्धेच गुंफलेले. तिनं मोरपेटीचा खण ओढला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"माझी ठुशी! केसांत अडकत होती म्हणून मी या पेटीत काढून ठेवली होती. कुठं गेली?"

साखरपुड्याला सासूबाईंनी आपल्या हातानं घातलेली सोन्याची ठुशी! आणि नवरदेवाचं वऱ्हाड तर फाटकाशी आलं होतं. धनश्रीचे वडील रोहिदास फेटा सावरत आले. त्यांनी खण ओढला, झटकला, पुन्हा ओढला. रिकामा. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "खोलीत कोण कोण होतं?"

सगळ्यांच्या नजरा एकाच बाजूला वळल्या. सिंधूबाई दारात उभ्या होत्या.

"सिंधूबाई, तुमची पिशवी बघावी लागंल," रोहिदास म्हणाले. "वऱ्हाड आत यायच्या आत. सापडली तर ठीक, न्हाईतर पोलीस."

"बघा की," सिंधूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज फाटला. "पण एकदा पिशवी उघडली ना दादा, की मला पुन्हा कोण नवरीच्या खोलीत घेणार?"

सायलीला ते फार लागलं. हातातली जास्तीची बांगडी तिला एकदम जड वाटायला लागली. ती पुढं सरकली, तर कुणीतरी खेकसलं, "पोरांनो, जेवायला बसा जावा!" मोठ्या माणसांना सुचेनासं झालं की त्यांना मुलांच्या जेवणाची आठवण होते.

अपेक्षानं मात्र मामींना गाठलं. "मामी, ती चिठ्ठी केव्हा चिकटवली?"

"आत्ताच की, खोलीत. टेबलावर होती पेटी. गम ओघळत होता, म्हणून वाळंस्तवर उताणी ठेवली."

उताणी! सायलीनं अपेक्षाचा हात घट्ट पकडला. पेटी पाठीवर ठेवली की तिच्या आतला चोरकप्पा मागं सरकून अडकतो. तो सोडवायला कुठं दाबायचं ते मामांना ठाऊक, सायलीला ठाऊक, आणि इथंही ते लिहिलेलं नाही, उगाच शोधू नका.

"ठुशी पेटीतच आहे," सायली कुजबुजली. "मी गुपचूप काढून आणते."

"वेडी आहेस का? गुपचूप काढलीस तर म्हणतील, सिंधूबाईंनी घाबरून परत ठेवली."

"मग कसं निघतं ते सांगून टाकू?" सायलीच्या कपाळावर जिथं भंडारा लावला होता, तिथं आत्ता नुसता घाम होता. सांगावं तर शब्द मोडतो, न सांगावं तर सिंधूबाईंची अब्रू जाते.

"दाखव," अपेक्षा म्हणाली. "सगळ्यांसमोर. सांगू नकोस, दाखव."

तिघांनी डोकी एकत्र आणली. वऱ्हाडाच्या स्वागताच्या गडबडीत पिशवी बघायची राहूनच गेली होती. सनई थांबली, वऱ्हाड हॉलमध्ये बसलं, आणि रोहिदास सिंधूबाईंना घेऊन आतल्या खोलीकडे वळणार इतक्यात माईकवर शंभूचा आवाज घुमला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडाचा उपयोग होत होता.

"हॅलो, हॅलो! वऱ्हाडी मंडळींच्या स्वागतासाठी नवरीकडून खास जादूचा प्रयोग! मदतीला येत आहेत नवरीचे वडील रोहिदासमामा आन् आपल्या सिंधूबाई! टाळ्या!"

वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. रोहिदासांना दात-ओठ खायचे होते, पण व्याह्यांसमोर हसावं लागलं.

सायली मोरपेटी घेऊन उभी राहिली. तिनं सिंधूबाईंना हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसवलं आणि अपेक्षानं त्यांच्या दोन्ही हातांत बांगड्यांचे तोडे दिले. "हात वर धरा, सिंधूबाई. सगळ्यांना दिसू द्या."

"रोहिदासमामा, खण बघा. आत काही आहे?"

"न्हाई," रोहिदास दातांतल्या दातांत म्हणाले.

"मोठ्यानं सांगा."

"काय सुदिक न्हाई!"

सायलीनं खण लावला आणि नवरदेवाच्या आईकडे वळली. "काकू, नव्या सुनेला तुम्ही काय दिलंत?"

"ठुशी दिली की," त्या कौतुकानं म्हणाल्या.

"मग सिंधूबाई, तुम्ही तिथूनच बांगड्या वाजवा. ठुशीला बोलवा."

सिंधूबाईंना काहीच कळत नव्हतं. पण सायलीच्या हातातली ती हिरवी बांगडी त्यांना दिसली असावी. त्यांनी दोन्ही हात हलवले. खळ्ळ खळ्ळ! सायलीचा अंगठा मोरावरून हळूच फिरला. पेटीत टिचकीएवढा आवाज झाला, तो फक्त तिलाच ऐकू आला.

"ओढा, मामा."

रोहिदासांनी खण ओढला. आत ठुशी चमकत होती.

हॉल टाळ्यांनी दणाणला. नवरदेवसुद्धा मुंडावळ्या बाजूला सारून बघत होता. रोहिदास मात्र त्या ठुशीकडे आणि लांब बसलेल्या सिंधूबाईंकडे आळीपाळीनं बघत राहिले. ठुशी पेटीतच होती, आणि सिंधूबाईंचा हात तिथं पोचणं शक्य नव्हतं, हे त्यांना लख्ख कळलं.

ते सगळा हॉल ओलांडून गेले. फेट्यासकट वाकले. "बाई, मी चुकलो. माझ्या लेकीला ही ठुशी तुम्हीच घाला."

सिंधूबाईंनी ठुशी घातली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि धनश्रीचेही.

मागच्या दाराशी काखेत कागदी पुडकं धरून हौशीराममामा उभे होते. शंभूनं पळत जाऊन एका दमात त्यांना सगळं सांगून टाकलं. मोरपेटी बघून ते आधी मामींकडे वळले. "विचारलं का न्हाईस?"

"विचारलं असतं तर दिली असती?"

"न्हाई," मामा म्हणाले, आणि दोघांनाही हसू आलं. मग त्यांनी सायलीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, मोठमोठे जादूगार बघितले मी. पण करामत न सांगता माणसाची अब्रू परत आणणारी तूच. अपेक्षा, डोकं तुझं. आन् शंभ्या, तोंड तुझं. शाब्बास रे!"

"पण हे झालं कसं?" रोहिदास काकुळतीला आले. "हौशीराम, सांगा की! पेटी रिकामी होती, मी स्वतः बघितली!"

मामा सायलीला म्हणाले, "एका माणसाला सांग. जिच्यावर आळ आला, तिचा हक्क हाय."

सायली सिंधूबाईंच्या कानाशी लागली. आजूबाजूच्या सगळ्या मोठ्या माणसांनी माना लांब केल्या. सिंधूबाईंनी ऐकलं, मोराकडे बघितलं, आणि त्या अशा हसायला लागल्या की हातातले तोडे किणकिणू लागले.

"काय म्हणाली? आम्हालाबी सांगा," रोहिदास हात जोडून म्हणाले.

सिंधूबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि आपली पिशवी उचलली.

"दादा," त्या म्हणाल्या, "करामत दाखवायची. सांगायची न्हाई."