कानामागची चंद्रकोर

जखम लहान होती. उजव्या कानाच्या मागे, केस संपतात तिथे, अंगठ्याच्या नखाएवढी चंद्रकोर. तिची बाहेरची कड स्वच्छ कापलेली होती आणि आतली बाजू नुसती चेपून निळी पडली होती.

शलाका निंबाळकरने मोबाइलवरचा तो फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. शेजारून बापूमामा डोकावत होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून ते भाचीच्या अलकापुरीतल्या ऑफिसात येऊन बसू लागले, आणि आता तिच्या प्रत्येक तपासात त्यांचे मत असे. ते बहुधा चुकीचे असे, पण असे.

"अंगठीचा मार आहे," ते म्हणाले.

"अंगठीने कातडी फाटते, मामा. ही कापली गेली आहे."

समोर फत्तेसिंहराव माने ताठ बसले होते. साठी उलटली तरी जुन्या फुलबॅकची छाती तशीच होती. शहरातल्या हौशी फुटबॉल लीगच्या शिस्त समितीचे ते प्रमुख. मांडीवर घडी केलेली लांब छत्री होती.

"समाच्या मैदानावर शिलेदार क्लब आणि वाघोडियाच्या कंपनीची टीम यांची मॅच होती," ते सांगू लागले. "शेवटी शेवटी पंच मयंक वैद्यने शिलेदारच्या विरुद्ध पेनल्टी दिली. पोरं त्याच्यावर धावली. त्या गर्दीत कोणीतरी मागून मारलं. मयंक उठून म्हणाला, कोणी मारलं ते सांगा, नाहीतर दोन्ही टीम बाद करतो. तर शिलेदारचा कुणाल भोईटे पुढे आला. म्हणाला, मी मारलं."

"मग प्रश्न काय आहे?" बापूमामांनी विचारले.

"प्रश्न शिक्षेचा आहे. पंचावर हात टाकला तर कमीत कमी एक वर्ष बंदी. सोमवारी कुणालची रेल्वेच्या खेळाडू भरतीची चाचणी आहे. बंदी लागली की आमचं ना-हरकत पत्र नाही, आणि पत्र नाही तर चाचणी नाही. पुढच्या वर्षी त्याचं वय बसणार नाही." फत्तेसिंहरावांनी मांडीवरची छत्री सरळ केली. "चेंडूला पाय कसा लावायचा हे त्याला मी शिकवलंय. निकाल मी दर बैठकीत पुढे ढकलतोय. शनिवारी द्यावाच लागेल."

"तुम्ही तिथे होतात?"

"होतो ना! इथे साइडलाइन, इथे पेनल्टी बॉक्स, आणि इकडून मी धावलो..." त्यांनी छत्रीने हवेत मैदान आखले. छत्रीचे टोक गर्रकन मागे गेले आणि बापूमामांचा चहाचा कप उलटला. चहा थेट मामांच्या पांढऱ्या पँटवर. फत्तेसिंहराव बोलतच होते. "पोरांना ओढून बाजूला करतोय तोवर मयंक खाली पडलेला. मला काही दिसलं नाही."

ते गेल्यावर बापूमामा रुमालाने पँट पुसत म्हणाले, "साधं सॉरीसुद्धा नाही! आता हा डाग तुझी मामी आठवडाभर वाचून दाखवणार."

"त्यांना कळलंच नाही, मामा," शलाका म्हणाली. ती अजून फोटोकडेच पाहत होती.

*

पंच मयंक वैद्य बँकेतून जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला. कानामागे अजून पट्टी होती.

"कोणी मारलं ते मी पाहिलं नाही. चारी बाजूंनी आरडाओरडा चाललेला. एवढंच सांगतो, चापट नव्हती. काहीतरी टोचल्यासारखं झालं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली."

"कोणाच्या हातात कडं, अंगठी?" मामांनी आशेने विचारले.

"मॅचआधी मी सगळ्यांचे हात तपासतो. त्यांचा गोलकीपर पीयूष फणसे कडं घालतो. रोज त्याच्यावरून कटकट. त्या दिवशीही काढायला लावलं."

"पण एवढे चिडले कशाने?" शलाकाने विचारले.

"पेनल्टीच्या आधी त्यांच्या बाजूच्या लाइनीवरून ऑफसाइडचा झेंडा वर गेला होता. मी तो मानला नाही. आमच्या लीगमध्ये लाइनमन क्लबचेच असतात हो, आपल्या टीमसाठी झेंडा वर करणारच. चार बुक्क्या खाऊनही मी तीच पेनल्टी देईन."

"एकीतच पट्टी बांधावी लागली," मामा पुटपुटले. शलाकाने त्यांच्या पायावर पाय दिला.

*

पीयूष फणसेचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. मनगटावर जाडजूड स्टीलचे कडे पाहून बापूमामांचे डोळे चमकले.

"या, काका, बेसो," पीयूष म्हणाला. "कडं बघताय? काढलेलं होतं. माझ्या आईकडे होतं, विचारा तिला. शिव्या दिल्या मी, ते खरं. गोललाइनवरून दिल्या. गोलकीपर गोल सोडून जातो का? मी गेलो असतो आणि कोणी मोकळ्या गोलात चेंडू मारला असता तर सुभानरावांनी मला जिवंत ठेवलं नसतं."

"कुणालने मारलं असं वाटतं तुला?"

पीयूषने हातातला मोबाइल खाली ठेवला. "कुणाल म्हणतो ना मारलं. मग मारलं. आणि तसंही तो बसणारच होता."

"बसणार म्हणजे?"

"त्याला आधीच्या मॅचमध्ये एक यलो कार्ड होतं, या मॅचमध्ये दुसरं मिळालं. दोन झाली की पुढची मॅच बाहेर. आमच्यात असंच चालतं, ताई. जो बसणारच असतो तो बाकीच्यांचंही अंगावर घेतो. एकाच शिक्षेत सगळं बसतं. उगाच दोघं कशाला बाहेर जायचे?"

रस्त्यावर आल्यावर बापूमामा गोंधळून उभे राहिले. "म्हणजे कुणालने दुसऱ्याचं अंगावर घेतलं? मग हा गोलकीपरच. आई काय, मुलासाठी काहीही सांगेल."

"बुक्की मारायला गोलमधून तिथवर यायला हवं. त्याला तिथे एकानेही पाहिलेलं नाही."

"मग कोण?"

"माहीत नाही," शलाका म्हणाली. पण तिचा आवाज माहीत नसल्यासारखा नव्हता, आणि त्याने मामा आणखीच गोंधळले.

*

शिलेदार क्लबची खोली दांडिया बजारात एका जिन्याखाली होती. भिंतीवर पगडीवाल्या पूर्वजांचे फोटो, खाली चिखलाने माखलेले बूट. सुभानराव शिर्के, क्लबचे प्रशिक्षक, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून बसले होते.

"बसा, प्राहुणे. तो ढिगारा सरकवा."

बापूमामांनी खुर्चीवरचे झेंडे उचलले. घरच्या वायरिंगचा करडा पाइप हातभर कापून त्याला लाल फडके शिवलेले. मामांनी त्यातल्या एकाने डास मारायला सुरुवात केली. दुसरा शलाकाने घेतला आणि बोलता बोलता पाइपचे उघडे टोक तळहातावर टेकवून पाहिले. सरळ टेकवले, मग तिरके.

"गुडघा त्याच दिवशी गेला का?" तिने विचारले.

"मध्यंतराच्या आधीच. लाइनीवर पळता पळता. मग दुसऱ्या हाफला मी बाकावर, बर्फ घेऊन. भांडण झालं तेव्हा मला उठताही आलं नाही. नाहीतर एकेकाला असा हाणला असता..."

"पंचाला?" मामा दचकले.

"आमच्या पोरांना हो!" सुभानराव वैतागले. "पंचावर हात टाकायची रीत आमच्यात नाही. आमच्या आजोबांनी फौजेत सॅल्यूट ठोकले, आम्ही शिट्टीला ठोकतो. कुणाल असं करेल हे मला पटत नाही. पण पोरगं तोंड उघडत नाही."

कुणाल भोईटे मागच्या अंगणात एकटाच चेंडू भिंतीवर मारत होता.

"कशाने मारलंस?" शलाकाने विचारले.

"हाताने. बुक्की."

"दाखव."

त्याने मूठ वळली. मूठ साधी होती, बोटे मोकळी. क्षणभर त्याने ती तशीच धरली आणि खाली केली.

"पंचाला मारलं तर वर्षभराची बंदी असते, हे तुला ठाऊक होतं?"

"तेव्हा नव्हतं. वाटलं, मी बसणारच आहे पुढच्या मॅचला." मग घाईने म्हणाला, "तुम्हाला फत्तूकाकांनी पाठवलंय ना? त्यांना सांगा, मी शब्द बदलणार नाही. बरे आहेत ना ते? झोपत नाहीत म्हणे."

"सोमवारची चाचणी?"

कुणालने चेंडू पायाखाली दाबला. भिंतीकडे पाहत म्हणाला, "काकांनी निकाल द्यावा. एवढंच."

परतताना बापूमामांनी बोटांवर हिशेब लावला. कुणालने मारले नाही. पीयूष गोलमध्ये होता. सुभानराव बाकावर. पंचाने स्वतःला मारून घेतले नसणार. "शलाका, मग मारणारा उरतोच कोण? मला तर आता वाटायला लागलंय की मीच मारलं."

शलाका हसली. "तुमची पँट धुतलीत?"

"नाही. का?"

"शनिवारी तीच घाला."

*

शनिवारी सकाळी समितीची बैठक नेहमीप्रमाणे क्लबच्या त्या खोलीतच भरली. फत्तेसिंहराव टेबलामागे. समोर कुणाल, मयंक, पीयूष आणि पाय लांब करून सुभानराव. बापूमामा चहाचा डाग घेऊन दाराशी बसले होते, आणि तो का आणायचा हे त्यांना अजूनही कळले नव्हते.

"जखमेपासून सुरू करते," शलाका म्हणाली. "मुठीने कातडी कापत नाही. कुणाल बुक्की म्हणतो, म्हणजे जखम कशाने झाली हे तो सांगत नाहीये. कडं हातात नव्हतं, अंगठी नव्हती. चंद्रकोरीची कड कापलेली आणि आत चेपलेलं, हे पोकळ, गोल, कडक वस्तूने होतं. ती तिरकी लागली की अर्धीच कड उमटते."

तिने झेंडा उचलला आणि पाइपचे टोक टेबलावरच्या, ओल्या मातीने माखलेल्या बुटावर तिरके दाबले. मातीत नखाएवढी चंद्रकोर उमटली.

मयंकचा हात नकळत कानामागे गेला. "पण झेंडा तर लाइनमनकडे..."

"हो. आणि म्हणूनच तो कोणाला आठवला नाही. मी विचारलं, गर्दीत कोण होतं, तर सगळ्यांनी मला खेळाडूंची नावं सांगितली. लाइनमन हा तुमच्यासाठी मैदानाचाच भाग असतो, गोलच्या खांबासारखा. वाघोडियाचा लाइनमन पलीकडच्या बाजूला होता. शिलेदारच्या बाजूला आधी सुभानराव होते. पण दुसऱ्या हाफला ते बाकावर बसले, असं ते म्हणतात. आणि मयंक म्हणतात, पेनल्टीच्या आधी त्याच लाइनीवरून झेंडा वर गेला. मग तो वर केला कोणी?"

बापूमामा पुढे सरकले. हे दोन्ही त्यांनी आपल्या कानांनी ऐकले होते, एकाच दिवशी, आणि दोन्ही कानांनी वेगवेगळे ठेवले होते.

"सुभानराव," शलाका हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही झेंडा कोणाला दिलात?"

सुभानरावांची नजर टेबलामागे गेली. "अरे देवा," ते म्हणाले. "दर वेळी देतो. जो जवळ असेल त्याला. त्यात सांगण्यासारखं काय असतं?"

"काहीच नसतं. म्हणूनच ज्यांनी धरला त्यांनाही ते सांगावंसं वाटलं नाही. ते मला म्हणाले, साइडलाइनवरून मी धावलो. पोरांना बाजूला करायला धावले, हातातला झेंडा तसाच. माझ्या ऑफिसात मैदान दाखवताना त्यांची छत्री मागे फिरली, मामांचा कप उलटला, आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. त्या दिवशी झेंड्याचंही तसंच झालं. मामा, उभे राहा."

बापूमामा उभे राहिले. सगळ्यांनी डागाकडे पाहिले. मामांना आयुष्यात प्रथमच पुरावा झाल्यासारखे वाटले.

"कुणालने पाहिलं," शलाका म्हणाली. "पंच म्हणाला, नाव सांगा. कुणालला दोन यलो होती, तो बसणारच होता. क्लबच्या रीतीप्रमाणे त्याने अंगावर घेतलं, एका मॅचची गोष्ट समजून. नियम कळला तेव्हा उशीर झाला होता. आता खरं बोलायचं तर निकाल देणाऱ्याचंच नाव घ्यावं लागणार होतं."

"काका, मी काही म्हटलेलं नाही," कुणाल पुढे होऊन म्हणाला. "तुम्ही आम्हाला ओढत होतात. तुम्ही मुद्दाम नाही..."

फत्तेसिंहराव टेबलावरच्या बुटाकडे पाहत होते. मग त्यांनी शलाकाच्या हातातून झेंडा घेतला, पाइपच्या कडेवरून बोट फिरवले.

"मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "पण सही करायला बसलो की हात थांबायचा. मला वाटायचं, पोराच्या मायेने थांबतोय. मयंक, तुझ्याकडे मी रोज विचारपूस करायला यायचो, आणि..."

"साहेब, चुकून लागलं," मयंक म्हणाला. "माझी तक्रार नाही. विषय मिटला."

"नाही." फत्तेसिंहरावांची छाती पुन्हा ताठ झाली. "याच टेबलावर किती पोरं म्हणाली, काका, चुकून लागलं. मी प्रत्येकाला सांगितलं, पंचाला लागलं की चुकून नसतं. आज मी म्हणू?"

सुभानराव काही म्हणणार होते. फत्तेसिंहरावांनी झेंड्याने त्यांना थांबवले, मग दचकून आधी मागे पाहिले, कोणी नाही ना, आणि झेंडा दोन्ही हातांनी टेबलावर आडवा ठेवला.

ते उभे राहिले.

"समितीचा निकाल. कुणाल भोईटे पंचाला मारल्याच्या आरोपातून मुक्त. पंचाशी खोटं बोलल्याबद्दल एक मॅच बाहेर. ती तो मागच्या मॅचला बसून चुकलाय. ना-हरकत पत्र आत्ता, इथेच मिळेल. पंचावर हात टाकल्याबद्दल फत्तेसिंह माने यांना एक वर्ष बंदी. मैदानात नाही, लाइनीवर नाही, या खुर्चीवर नाही. आजपासून."