बिनकौलाचा खेळ

समोर गोल मोकळा होता. गोलकीपर चिखलात पालथा पडलेला, चेंडू तौफिकच्या उजव्या पायाशी. आणि दगडी चौक तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाचा कप्तान तौफिक मुल्लाणी नुसता उभा होता.

"मार की!" प्रणोती इंगवले ओरडली.

तौफिकने कानामागे बोट लावलं. "ताई, पट्टी बोलंना झालीया."

कोल्हापुरातल्या सरावाच्या मैदानावरची वीज गेली होती. भोवतीचे कॅमेरे बंद, त्यामुळे अकराही जणांच्या कानामागची कौलपट्टी मुकी. एरवी कॅमेरे मैदानावरच्या प्रत्येकाची जागा आणि वेग टिपत, यंत्र क्षणात हिशेब मांडी आणि पट्टी कानात सांगे : डावीकडं दे, थांब, मार. देवळात जसा कौल लावतात तसा. म्हणून पेठेनं तिला ते नाव दिलं होतं.

प्रशिक्षक प्रणोतीने चोवीस वर्षांच्या त्या धडधाकट पोराकडं पाहिलं आणि स्वतःच जाऊन चेंडू गोलात ढकलला.

कौलपट्टी पहिल्यांदा आणली ती दगडी चौकानंच, आठ वर्षांपूर्वी. त्या साली त्यांनी चषक उचलला, हत्तीवरून साखर वाटायची तेवढी राहिली. पुढच्या साली सगळ्याच तालमींनी पट्ट्या घेतल्या. सगळ्यांना सारखाच शहाणा सल्ला मिळू लागला, तेव्हा ज्याचे पाय जास्त वेगवान तो जिंकू लागला. दगडी चौक घसरत तळाला आला. यंदा सलग नऊ पराभव. शेवटचा सामना गेला की संघ साखळीतूनच बाहेर. स्टेडियमवर आता पेठेतली तीसेक माणसं येत, तीही सवयीनं.

"नवी पट्टी आलीया म्हणं. जरा लवकर सांगती," अध्यक्ष आबा चौगुले त्या संध्याकाळी म्हणाले.

"नवी नको, आबा. हाय ती पण काढायची."

"शुद्धीवर हाईस का? साठ वर्षांची तालीम बुडवशील!"

"बुडालीयाच ती. निदान हातपाय तरी मारू द्या."

आबा तिरीमिरीत उठून गेले. पण नाही म्हणाले नाहीत.

हाती तीन आठवडे होते. पहिले चार दिवस भयंकर गेले. पोरं एकमेकांवर आदळत, चेंडू आला की गोठत. दोघांना डोकेदुखीनं उलट्या झाल्या. तौफिक पट्टी लावायला लागला तेव्हा सोळाचा होता. पास कुणाला द्यायचा हे त्यानं मोठेपणी कधी स्वतः ठरवलंच नव्हतं. पाचव्या दिवशी त्यानं बूट भिरकावले. "मला न्हाई जमत! चुकलो तर कुणाचं नाव घ्यायचं?"

"स्वतःचं घे," प्रणोती म्हणाली. "मोठ्यानं घे, आणि पुन्हा चूक."

तिनं त्यांना मैदानावरून उचलून पेठेच्या बोळात नेलं. रबरी चेंडू, मधे दुचाक्या, दारात वाळत घातलेले सांडगे. तिथं कुणाचं तरी भांडण झालं : "आंधळा हाईस व्हय, मी मोकळा हुतो!" प्रणोती जागीच थांबली. आठ वर्षांत खेळताना पोरं एकमेकांशी बोललीच नव्हती. तिनं भांडण मिटवलं नाही.

शेवटचा सामना राजबाग संघाशी, म्हणजे यंदाचा चषक आधीच पक्का केलेल्या विजेत्यांशी होता. मध्यंतराला तीन-शून्य. आबा पट्ट्यांची पेटी घेऊन खोलीत आले. "पोरांनो, अजून येळ गेली न्हाई."

प्रणोती बाजूला सरकली. हे तिनं ठरवायचं नव्हतं. तौफिकनं घाम पुसला, पेटीचं झाकण लावलं आणि ती आबांच्या हातात परत दिली. "आमचं आम्ही हरतो, आबा."

उत्तरार्धात दगडी चौकाची पोरं बोंबलत खेळली. वेडेवाकडे पास, नको तिथून धावणं. हळूहळू राजबागचे खेळाडू अडखळू लागले. या असल्या खेळाचा यंत्राला हिशेब लागेना, कौल उशिरा येऊ लागला. साठाव्या मिनिटाला एक गोल. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला तौफिकनं, पाठीमागं न बघताच टाच मारून, दुसरा करवला. पेठेची तीसच माणसं, पण स्टेडियम दणाणलं. शेवटच्या मिनिटाला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

तीन-दोन. दगडी चौक साखळीतून बाहेर पडला.

तौफिक गवतावर बसून हमसून रडला. मग रडताना मधेच हसला, कारण कठड्यापाशी आबा खुळ्यासारखे पट्ट्यांची पेटी ढोलागत बडवत होते.

"उद्या सकाळी सहाला सराव," प्रणोतीनं जाहीर केलं.

"कुणाशी खेळायला, ताई?" कुणीतरी विचारलं.

"जो येईल त्याच्याशी!"

ती वळली तर मागं राजबागचा अवघ्या सतरा वर्षांचा कप्तान सन्मती मगदूम उभा होता. हातात चषक, पण नजर तौफिककडं. त्यानं कानामागची पट्टी सोलून काढली. खाली कातडी पांढरीफटक पडली होती.

"ती टाच," तो हलक्या आवाजात म्हणाला, "असलं काय मला आजवर कधी सुचलंच न्हाई. दहा वर्षांचा असताना लावली ओ ही. ताई, उद्या मी आलो, तर मला जमंल का?"