मामाचा डोंगा

संध्या सुट्टीला आली होती ती खरं म्हणजे झोपायला. मुंबईच्या एका कंपनीत ती जहाजांची इंजिनिअर. तीही बांधणाऱ्यांतली नव्हे, वाचवणाऱ्यांतली. समुद्रात एखादं जहाज खडकावर चढलं, एका अंगाला कललं, की तिला बोलावणं यायचं. कुठल्या टाकीतलं पाणी आधी काढायचं, किती काढलं तर जहाज सावरेल आणि किती काढलं तर उलटेल, हे गणित तिचं.

सालेकशाच्या रानातल्या मामाच्या गावात मात्र कंपनीचं कोणी विचारलं नाही. सुशिलामामीनं चहा हातात दिला आणि म्हणाली, "तुह्या मामाचा डोंगा वादळात बुडला वो. तेवढा काढून दे मले."

यादोरावमामा हिवाळ्यात तापानं गेला होता. जातीनं ढिवर, मासे धरत सारा जन्म तलावावर काढलेला. लहानग्या संध्याला पाण्यावर पहिल्यांदा त्यानंच, त्याच लाकडी होडीतून नेलं होतं. तिला नाही म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेजारच्या गोवर्धनला घेऊन त्याच्या डोंग्यातून निघाली. वारा नव्हता. कुजक्या शेवाळाचा वास पाण्यावर साचून राहिला होता. मामाचा डोंगा पलीकडच्या काठाजवळ, दीड पुरुष पाण्यात, गाळानं भरून बसला होता. गोवर्धननं बुड्या मारून गाळ उपसला, दोन्ही अंगांना ट्रकच्या ट्यूबा बांधल्या. संध्यानं पंपानं हवा भरली. तास-दीड तासानं डोंग्याचे काठ हळूच पाण्याच्या वर आले.

"एक दोर गुतला खाली," गोवर्धन म्हणाला.

"थांब, आधी..."

तो गेलाही होता. डाव्या अंगाच्या खाली.

आणि त्याच अंगाची ट्यूब फुटली.

पुढं काय होणार ते संध्याला ठाऊक होतं. डावा काठ खाली, उजवा वर, आणि पाण्यानं भरलेला अख्खा डोंगा गोवर्धनवर पालथा. डावा काठ बुडू लागला... आणि थांबला. उजवा काठ आपोआप खाली दबला. घाई न करता, एखादा जड माणूस फळीवर टेकावा तसा. डोंगा सरळ उभा राहिला. फळी करकरली.

तिनं श्वास रोखून वीसपर्यंत मोजलं. गोवर्धन धापा टाकत वर आला. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"तुमी इथंच बसून आहा?"

"हो. काऊन?"

"मले वाटलं... तुमी त्या डोंग्यात चढल्या. कोणीतरी बसलं ना वरतं."

 संध्याच्या मनात आकडा आपसूक जमला होता. तेवढं तोलायला उजव्या काठाशी साठेक किलो तरी लागले असते.

दुसरी ट्यूब बांधून त्यांनी पाणी उपसलं, डोंगा काठाशी आणला. मामी बांधावरून चालत आली होती. गोवर्धननं तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, मान हलवली आणि डोंग्यात वाकून पाहिलं. बारा दिवस पाण्यात मुरलेलं लाकूड काळंभोर, ओलंगच्च होतं. मागच्या फळीवर उजवीकडं तेवढी हात-दीड हात जागा कोरडी होती. संध्यानं बोट लावलं. कोमट.

"चाल, आपल्या घाटावर नेऊ," मामी म्हणाली. गोवर्धन त्यात चढायला तयार होईना. तो आपला डोंगा घेऊन पुढं गेला, मागं न बघता.

मामी त्या कोरड्या जागेला खेटून बसली. पदर सारखा केला. चेहऱ्यावर भीती नव्हती. लग्नाच्या वरातीतून परतणाऱ्या बाईसारखी ती दमलेली आणि खुशीत दिसत होती.

"संध्या, तू डाव्या अंगाला बस माय," ती हळूच म्हणाली. "आमी दोघं इकडं आहो."

संध्या बसली, वल्हं घेतलं. मामी चाळीस किलोची, ती स्वतः पासष्टची. डोंगा तिच्याकडं झुकायला हवा होता.

तो मामीकडं झुकला, चांगला चार बोटं, आणि तसाच घाटाला लागला.