अंगणवाडीचा राखाडी पाईप

"टक्!" चुंबक नळाच्या पाईपला जाऊन घट्ट बसलं.

"लोखंडी! लिही रुद्राणी, घर अकरावं, लोखंडी!" राजशेखर ओरडला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पाथरीहून सेलूला मामाकडे आला, तो शाळेतून दिलेला उपक्रम घेऊनच. प्रत्येक घरात पाणी कसल्या पाईपातून येतं, ते शोधायचं! मदतीला मामेबहीण रुद्राणी आणि तिची मैत्रीण सत्यशीला. जुन्या स्पीकरमधलं चुंबक, एक नाणं आणि एक वही, एवढंच सामान. पण ऐट अशी, की जणू तिघं मोठे गुप्तहेरच!

"आणि चुंबक चिकटलंच नाही तर?" सत्यशीलाने विचारलं.

"मग नाण्याने हलकेच खरवडायचं. तांबूस दिसलं तर तांबं. प्लास्टिक तर बघताक्षणी कळतं. पण पाईप मऊ, राखाडी असला आणि खरवडल्यावर चांदीसारखा चकाकला..." राजशेखरने आवाज खाली आणला, "तर शिसं! ते पाण्यात उतरतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. रात्रभर पाईपात साचलेलं पाणी तर फार वाईट. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो!"

रुद्राणीची पेन्सिल वहीवरच थांबली.

मऊ आणि राखाडी! महिन्याभरापूर्वी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या भंगारात तिला असाच एक पाईप सापडला होता. गुडघ्यावर दाबला की वाकायचा! त्याच दिवशी नळाची कामं करणारे दत्तरावकाका अंगणवाडीत तुकडा कमी पडला म्हणून डोकं खाजवत उभे होते. तिने धावत जाऊन तो पाईप त्यांना दिला. "लय कामाची पोरगी हाय!" म्हणत त्यांनी तो बसवून टाकला. त्या शाबासकीने ती दोन दिवस हवेत होती.

"आता अंगणवाडी!" राजशेखर निघालासुद्धा.

"नको!" रुद्राणी पटकन म्हणाली. "तिथला मी बघितलाय. लोखंडीच आहे."

आणि तिने वहीत लिहिलं, 'अंगणवाडी: लोखंडी.' अक्षर वाकडंतिकडं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच अंगणवाडीत गेली. मदतनीस भिवराबाई पोरांना पेले भरून देत होत्या. त्यांची तीन वर्षांची नात शिवकन्या दोन्ही हातांनी पेला धरून गटागटा पीत होती.

"मावशी, पाणी... पाणी उकळून देत जा ना."

"काहून गं?"

"उन्हाळा आहे. साथ असते." खरं ते ओठांवर येऊन परत गेलं.

"बरं सांगितलंस बाई," म्हणत भिवराबाईंनी लगेच पातेलं गॅसवर ठेवलं.

रुद्राणीला जरा हलकं वाटलं. पण ते टिकलं पाणी उकळायला लागल्याच्या तिसऱ्या दिवसाच्या जेवणापर्यंतच. सत्यशीला त्या दिवशी रुद्राणीकडेच जेवायला होती. तिने सहज विचारलं, "राजू, उकळलं की शिसं जातं का रे?"

"छे! पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. म्हणजे उलट जास्तच!"

रुद्राणीच्या हातातली भाकरी ताटात पडली. "म्हणजे मी... मी तर..." आणि तिला रडू कोसळलं. हुंदके देत देत तिने सगळं सांगितलं.

"तीन दिवस!" राजशेखर ताडकन उठला. "तीन दिवस तू गप्प बसलीस? वहीत खोटं लिहिलंस?"

"दत्तरावकाका मला कामाची पोरगी म्हणाले होते रे," ती पुटपुटली. स्वतःच्याच कानांना ते किती फुसकं वाटलं!

"भांडण नंतर," सत्यशीलाने वही काखेत मारली. "आधी ते पाणी बंद! चला!"

तिघं भर उन्हात पळत सुटले. राजशेखरने चुंबक पाईपला लावलं. ते टप्कन खाली पडलं! नाण्याने ओरखडा काढला, तर आत लखलख चांदी! शिशाचं ऐकून भिवराबाई घाबरल्याच. पण नेमके दत्तरावकाका तिथून चालले होते.

"पोरांच्या नादी लागायलाव काय भिवराबाई? लोखंडी पाईप हाय तो! वीस वर्सं काम करायलोय मी. इतकं नितळ पानी, त्याला काय झालंय?"

भिवराबाई दत्तरावांकडे आणि पोरांकडे आळीपाळीने बघू लागल्या. रुद्राणीला सांगायचं होतं, की तो पाईप मी आणला. पण ती एवढंच म्हणाली, "मावशी, उद्यापर्यंत तरी हातपंपाचं पाणी द्या. पाया पडते!" भिवराबाईंनी घागर उचलली आणि हातपंपाकडे निघाल्या.

उद्या पर्यवेक्षिका राजेश्री मॅडम मुलांची वजनं घ्यायला येणार होत्या. तिघांनी तेवढ्यात बेत रचला.

सकाळी मॅडम आल्या, पालक जमले; दत्तरावकाकांनाही पोरांनी बोलावून आणलं होतं. राजशेखर भोळा चेहरा करून दत्तरावांजवळ गेला.

"काका, तुमच्या कामाचं नाव आमच्या वहीत लिहायचंय. हा पाईप कसला?"

"लोखंडी! एकदम पक्का!" काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"मग इथे सही करा ना!"

काकांनी मिशीवर हात फिरवत झोकात सही ठोकली.

"मॅडम," सत्यशीलाने चुंबक पुढे केलं, "लोखंडाला हे चिकटतं ना? तुम्हीच लावून बघा!"

मॅडमनी लावलं. टप्! पुन्हा लावलं. टप्! मग त्यांनी नाण्याने खरवडलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "दत्तराव, हे तर शिसं आहे! लहान लेकरांच्या नळाला?"

"मी कुठं आनला?" दत्तराव गडबडले. "या पोरीनं आनून दिला! इचारा तिला!"

सगळ्या नजरा रुद्राणीकडे वळल्या. आता पळून जावं? पण ती पुढे आली.

"हो. मीच आणला. तेव्हा माहीत नव्हतं. पण चार दिवसांपूर्वी कळलं, तरी मी बोलले नाही. वहीत खोटं लिहिलं. मावशींना उकळायला सांगितलं, कारण खरं सांगायची भीती वाटली."

मग मॅडम दत्तरावांकडे वळल्या. "तिने आणून दिला, पण बसवायच्या आधी बघायचं काम कुणाचं होतं?"

दत्तरावांची मान खाली गेली. "माजंच होतं, मॅडम. चुकलो." दुपारच्या आत त्यांनी स्वतः तो पाईप कापून काढला आणि प्लास्टिकचा नवा बसवला. पाणी तपासायला गेलं आणि अंगणवाडीतल्या अकराही मुलांना रक्ततपासणीसाठी परभणीला नेलं.

दोन आठवड्यांनी निकाल आला. नऊ जण ठणठणीत. दोघांच्या रक्तात शिसं थोडं वाढलेलं, आणि त्यातली एक शिवकन्या! "लवकर थांबलं हे फार बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "दूध, अंडी, पालेभाज्या द्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

राजेश्री मॅडमनी सगळ्यांसमोर तिघांचं कौतुक केलं. गल्लीतली उरलेली जुनी घरंही याच पथकाने तपासावीत, असं जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला! राजशेखर हसत होता, सत्यशीला लाजत होती. रुद्राणीला मात्र मान वर करता येईना.

सगळे पांगल्यावर ती शिवकन्येला घेऊन बसलेल्या भिवराबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम शाबास म्हनल्या, मी बी म्हनते," भिवराबाई म्हणाल्या. "समद्यांम्होरं बोलायला लय हिंमत लागती. पर पोरी, तीन दिवस मी तेच पानी उकळून, फुंकून फुंकून माज्या लेकराला पाजलं गं!"

"हो मावशी." तिने सबब दिली नाही.

"सांगितलं असतंस, तर रागावले असते. मारलं तर नसतं!"

"हो."

भिवराबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले, जरा जोरातच. "बास झालं रडनं. तीन महिन्यानं हिला परत परभनीला न्यायचं हाय. सुईला लय भेती. तुजा हात धरून बसंल ती. येशील?"

"येईन!"

"शाळा बुडंल तुजी."

"बुडू दे. गाडी कितीची मावशी?"

"सकाळची हाय, सहाची."

"मी साडेपाचलाच तुमच्या दारात येते," रुद्राणी म्हणाली आणि तिने शिवकन्येला कडेवर उचलून घेतलं.