आंबोळीचा वारस

मृदुला नागवेकरनं यंत्राच्या काचेवर हात ठेवला. काचेवरच्या ओलसर पापुद्र्यानं तळहातावरचे जीवाणू टिपून घेतले आणि यंत्र घुमायला लागलं. तिचा धाकटा भाऊ निशिकांत आधीच ठसा देऊन बाजूला उभा होता, हात विजारीला पुसत. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत नव्हते.

वाद आईच्या खानावळीचा होता. शालनताई नागवेकरांची आंबोळी खाल्ली नाही असा माणूस रत्नागिरीत शोधून सापडला नसता. शालनताई गेल्या आणि मृत्युपत्रात एकच ओळ कामाची निघाली: 'ज्याच्या हातची आंबोळी माझ्यासारखी होईल, खानावळ त्या एकाची.' बाई स्वयंपाकात जितक्या चोख, तितक्याच कायद्यात भोळ्या. मुलगी म्हणाली, मी आईच्या हाताखाली तवा सांभाळला. मुलगा नाशिकची नोकरी सोडून आला नि म्हणाला, माझी चव बघा. न्यायालयानं जुन्या गिऱ्हाइकांना खाऊ घातलं, तर निम्मे इकडे, निम्मे तिकडे. काहींनी पुन्हा खाल्ल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणून आणखी एकदा ताव मारला. शेवटी खानावळीला कुलूप लागलं आणि प्रकरण इथे, जीवठसा केंद्रात आलं.

"हाताला चव असते म्हणजे नेमकं काय असतं?" न्यायाधीश साळवीबाईंनी पडद्यावरून विचारलं.

"प्रत्येकाच्या हातावर सूक्ष्मजीवांची वस्ती असते," केंद्राच्या प्रमुख डॉ. वासंती खातू म्हणाल्या. "त्यांच्यातले कोण किती, यावरून जो आराखडा बनतो त्याला आम्ही जीवठसा म्हणतो. पीठ हातानं फेटलं की ती वस्ती पिठात उतरते आणि पीठ तिच्या पद्धतीनं आंबतं. शालनताईंच्या पिठाचे नमुने अन्नतपासणीवाल्यांनी गोठवून ठेवले होते, म्हणून त्यांचा ठसा आपल्याकडे आहे."

"मग या दोघांपैकी कोणाचा जुळतो?"

"कोणाचाच नाही."

मृदुलाला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. "अहो, मी त्यांची पोटची मुलगी आहे!"

"जीवठसा रक्तातून येत नाही, मृदुलाताई. तो जागेतून येतो, कामातून येतो, सोबतीतून येतो. स्वयंपाकघर वर्षभर बंद आहे, तुमचे हात आता दुसरीकडचे झालेत. पण तिथल्या रगड्यात, लाकडी काठवटीत ती वस्ती अजून तग धरून असेल. तिथे काम करा, हात पुन्हा तिथले होतील."

साळवीबाईंनी तिथल्या तिथे हुकूम दिला. कुलूप काढा, दोघांनी गणपतीपर्यंत खानावळ चालवा. मग ज्याचा ठसा आईच्या ठशाच्या अधिक जवळ, तो वारस.

मृदुला ईर्ष्येनं कामाला लागली. तिनं आपलं भांडं वेगळं केलं, फडकंसुद्धा वेगळं ठेवलं. पण खानावळ असल्या सोवळ्याला दाद देत नाही. पिठाचं पातेलं एकट्याला उचलवत नव्हतं. एकाचा हात तव्याशी अडकला की पीठ दुसऱ्याला फेटावं लागे. निशिकांतच्या पहिल्या आंबोळ्यांना जाळी पडेना, तेव्हा ती मनातून खूश झाली. मात्र गिऱ्हाईक ताटावरून उठून जायला लागलं, तेव्हा तिनंच त्याचा हात धरून आपल्या पातेल्यात घातला.

"अरे, पिठाशी मारामारी करतोयस का? खालून वर घे."

"आई अशीच ओरडायची," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

तिला मजा येत होती, आणि या मजेचीच तिला धास्ती वाटायला लागली. हा शिकला तर खानावळ हातची जाणार. तरी ती शिकवत राहिली, कारण बिघडलेलं पीठ तिला बघवत नव्हतं.

गणपती झाले आणि दोघं पुन्हा त्या काचेपुढे उभी राहिली. डॉ. खातूंनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"ठसा जुळतो. अगदी पक्का जुळतो."

"कोणाचा?" मृदुलानं विचारलं.

"तेच सांगता येत नाही. एकाच भांड्यात हात घालता घालता दोघांच्या हातांवरची वस्ती एक झालीय. कुठला नमुना कोणाचा, हे यंत्राला ओळखता येत नाही. त्याच्या लेखी तुम्ही दोघं म्हणजे एकच माणूस."

पडद्यावर साळवीबाईंनी मृत्युपत्र पुन्हा उघडलं. "मृत्युपत्राला एकच वारस हवा होता," त्या अखेर म्हणाल्या, "आणि यंत्रही एकच दाखवतंय. माझी हरकत नाही."

"पण एक अडचण आहे," डॉ. खातू म्हणाल्या. "हा ठसा एकत्र राबण्याचा आहे. एक जण जरी निघून गेला, तरी सोबत तुटून थोड्याच महिन्यांत उरलेल्याच्या हातावरही तो पालटेल. मग शालनताईंच्या अटीप्रमाणे दोघांपैकी कोणीच वारस उरणार नाही."

"म्हणजे हक्क ठसा टिकेल तोवरच," साळवीबाई म्हणाल्या. "मी निकालात तसंच लिहिते."

निशिकांतनं डोकं खाजवलं. "म्हणजे मी नाशिकला परत गेलो, तर ताईचाही हक्क जाणार?"

"जाणार."

तो बहिणीकडे वळला, चेहऱ्यावर लहानपणचा वात्रटपणा. "ऐकलंस ना? आता माझ्यावर ओरडायचं नाही."

भावानं बॅग भरावी आणि जावं, एवढंच वर्षभर मृदुलानं देवाकडे मागितलं होतं. आता तो जाणार नव्हता, आणि तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"ओरडणार," ती म्हणाली. "आणि तुला कुठे पळूनही जाता यायचं नाही."